शॉवर आणि मिक्सर बसवताना फिनिशवर ओरखडे येऊ नयेत म्हणून नक्की काय करायचं?

अर्धवट_टाईल्स:
नमस्कार मंडळी. दोन बाथरूमचं काम एकदम काढलंय, टाईल्स बसल्यात, ग्राउट म्हणजे टाईलच्या फटी भरणं अजून अर्धं बाकी आहे. एका बाथरूमसाठी मॅट काळा सेट घेतलाय, म्हणजे वरचा मोठा गोल शॉवर, त्याचा भिंतीतून येणारा लांब आर्म आणि कन्सील्ड डायव्हर्टरची (भिंतीत लपलेला, पाणी हवं तिकडे वळवणारा व्हॉल्व्ह) बाहेरची प्लेट न हँडल, आणि दुसऱ्यात साधा क्रोमचा वॉल मिक्सर, त्याला हँडशॉवर. आता भीती अशी वाटते की याआधी जो नळ बसवून घेतला होता त्याच्या मानेवर दातेरी पान्याच्या खुणा आहेत, अगदी ओळीने, कुत्रा चावल्यासारख्या, आणि ज्याने बसवला त्याचं म्हणणं "फडकं गुंडाळलं होतं ताई, एवढं तर होतंच". मला हे परत नकोय, काळ्यावर तर जरा लागलं तरी पांढरं दिसणार.

तर प्रश्न असे की पान्याच्या जबड्याला मास्किंग टेप लावली की भागतं का, की वेगळं काही हत्यार घ्यावं? हाताने आवळलं तर गळेल का? आणि यातलं कितपत माझं मी करू शकते, म्हणजे पाईपलाईन वगैरे नाही, ती झालेली आहे, फक्त बाहेरचं दिसणारं सामान.

जुगाडू:
सायकलची जुनी ट्यूब. कापून पट्टी करायची, चमकणाऱ्या भागावर दोन वेढे द्यायचे आणि मग पाना लावायचा. घसरत पण नाही आणि डाग पण नाही. बाकी काही घ्यायची गरज नाही.

पाना_पक्कड:
ट्यूब चांगलीच आहे पण कुठल्या पान्याखाली ठेवता त्यावर सगळं आहे, म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पाईप पान्याची रचनाच अशी असते की जेवढा जोर लावाल तेवढे त्याचे दात आत रुततात, रुतल्याशिवाय तो पकडतच नाही. तो जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपसाठी बनलाय, पाईपवर खुणा पडल्या तर कुणाला फरक पडत नाही. आता त्याच्याखाली फडकं घातलं की पकड सुटते, पकड सुटली म्हणून माणूस अजून दाबतो, मग दात फडक्यातून आरपार जातात आणि वर घसरतात पण, म्हणजे नुसता ठसा पडायचा तिथे ठसा अधिक चरा. तुमच्या नळाला नेमकं हेच झालंय. त्यामुळे फडकं असो नाहीतर मास्किंग टेप, दातेरी पाना फिनिशच्या जवळ आणायचाच नाही, हा पहिला नियम. मास्किंग टेप तर कागदच आहे हो, पहिल्या झटक्यात फाटते.

दुसरं म्हणजे फिनिश काय आहे ते ओळखा. क्रोमचा वरचा थर अर्धा मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून पण कमी असतो (केस साधारण ७० मायक्रॉन धरा), त्याखाली निकेलचा त्याहून बराच जाड थर आणि त्याखाली पितळ, किंवा स्वस्त मालात जस्ताचा मिश्रधातू, आणि हँडशॉवर तर बहुतेक वेळा एबीएस प्लास्टिकच असतो वरून मुलामा दिलेला. क्रोम स्वतः भयंकर कडक आहे, नखाने कापडाने काही होत नाही त्याला, पण खालचं पितळ मऊ. दाताचा दाब आला की पितळ दबतं आणि वरचं कडक पातळ कवच तडकतं. तडा गेला की तो भरून येत नाही.

मॅट काळ्यात दोन प्रकार. एक पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजलेला रंगच तो, जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन, जाड असतो पण मऊ, त्यामुळे कडेला आपटला की टवका उडतो. दुसरा पीव्हीडी, निर्वात पेटीत धातूची वाफ बसवून केलेला, पातळ असतो पण फार चिवट. सोनेरी, रोज गोल्ड, गनमेटल हे बरेचदा पीव्हीडी असतात. तुमचा कुठला ते खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असेल. लिहिलेलं नसेल तर पावडर कोटिंग समजून वागा, नुकसान नाही.

आता मुख्य मुद्दा. पाणी थांबवण्याचं काम चकचकीत भाग करत नाही, ते काम आट्यावरची पांढरी टेफ्लॉन टेप करते नाहीतर आतला रबरी वायसर. ही तयारी नीट झाली असेल तर दिसणाऱ्या भागावर तुम्हाला हाताच्या जोरापेक्षा जास्त काही लागतच नाही. जिथे खरोखर जोर लावायचा असतो, म्हणजे भिंतीच्या आतल्या एल्बोमध्ये (काटकोनी जोडात) जाणारं निपल म्हणजे आटे असलेला छोटा तुकडा, एक्स्टेन्शन, हे सगळं फ्लँजच्या (भोक झाकणाऱ्या गोल चकतीच्या) मागे लपतं, तिथे काय पाहिजे ते करा. ज्यांच्या कामात ओरखडे पडतात ते लोक लपलेल्या जागी आळस करतात आणि दिसणाऱ्या जागी ताकद लावतात.

हत्यारं म्हणाल तर एक गुळगुळीत जबड्याचा स्क्रू स्पॅनर, एक रबरी पट्ट्याचा पाना म्हणजे स्ट्रॅप रेंच, आणि ॲलन की म्हणजे षटकोनी चाव्यांचा सेट. गोल भागाला पट्टा, चपट्या कडा असलेल्या नटाला स्पॅनर, आणि जबड्याला आतून इन्सुलेशन टेपचे दोन थर किंवा जुगाडूंची ट्यूब. स्पॅनर नटावर घट्ट बसवून मग फिरवा, ढिला ठेवलात तर नटाचे कोपरे गोल होतात. आणि जोर स्थिर जबड्याकडे यायला पाहिजे, सरकत्या जबड्यावर नाही, नाहीतर तो उघडतो आणि सटकतो.

आळशी_मांजर:
एवढं सगळं एका शॉवरसाठी? वापरायची वस्तू आहे राव, म्युझियममध्ये ठेवायचीय का. शॉवरखाली उभं राहिलं की डोळे मिटलेले असतात सगळ्यांचे 😄

पाना_पक्कड:
मांजरसाहेब, दिसण्याचा प्रश्न असता तर मी पण सोडून दिला असता. मुलाम्याला तडा गेला की पाणी खाली शिरतं, पितळ असेल तर हिरवट डाग येतो, जस्ताचं असेल तर पांढरी पूड सुटते आणि आजूबाजूचा मुलामा फुगून पोपडे निघायला लागतात. प्लास्टिकवरच्या मुलाम्याचे पोपडे तर ब्लेडसारखे धारदार असतात, हँडशॉवर हातात धरतो आपण, लहान पोरं धरतात. अंघोळीला डोळे मिटा, बसवताना उघडे ठेवा म्हणजे झालं.

आळशी_मांजर:
बरं बरं. पोपड्यांचं माहीत नव्हतं. आमच्या हँडशॉवरला आहेत तसे. बघतो.

अर्धवट_टाईल्स:
दादा खूप धन्यवाद, एवढं कुणी समजावून सांगत नाही. पण मग आर्मचं कसं? तो भिंतीत फिरवत जायचा आणि शेवटी त्याचं तोंड बरोब्बर खाली यायला पाहिजे. समजा घट्ट झाला आणि तोंड अजून बाजूला आहे तर? किंवा खाली आलंय पण सैल वाटतंय? आणि तो जवळजवळ हातभर लांब आहे, त्याला पट्टा कुठे लावू?

पाना_पक्कड:
हा खरा प्रश्न आहे, आर्मवरच सगळ्यात जास्त खुणा पडतात कारण शेवटच्या पाव फेऱ्यासाठी लोक पाना काढतात.

आधी टेप न लावता कोरडाच फिरवून बघा. हाताने किती फेरे जातो ते मोजा, आणि हाताने थांबतो तेव्हा तोंड कुठे आहे ते बघून ठेवा. अर्ध्या इंचाच्या आट्याला इंचात १४ फेरे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा फिरवला की आर्म साधारण १.८ मिमी आत सरकतो. यावरून फ्लँज टाईलला टेकणार की मधे फट राहणार ते पण आत्ताच कळतं. फट राहत असेल तर आर्म आवळून ती भरायची नसते, एक्स्टेन्शन निपल कमीजास्त करायचं असतं.

मग आटा बाहेरून आणि एल्बोच्या आतून पण ब्रशने साफ करायचा, सिमेंटचे कण असतातच तिथे, आणि त्यांच्यामुळेच आर्म जड जातो मग माणूस पाना शोधतो. टेप लावताना आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून. पातळ टेप असेल तर ८-१० फेरे, जाड असेल तर ४-५ पुरतात. पहिला आटा उघडा सोडा म्हणजे टेपचे तुकडे तुटून शॉवरच्या भोकात जाणार नाहीत.

आता तोंडाचं. टेप लावल्यावर आर्म फक्त पुढेच जायला पाहिजे, मागे फिरवायचा नाही. पुढे गेला आणि थोडा मागे घेतला की टेपचं सील सुटतं, आज गळणार नाही पण कधीतरी भिंतीच्या आत ओल दिसेल. त्यामुळे तोंड खाली येऊन पुढे गेलं तर पूर्ण काढा, जुनी टेप खरवडून टाका, फेरे वाढवा आणि परत लावा. सैल वाटत असेल तरी तेच, फेरे वाढवायचे. घट्टपणा आणि तोंडाची दिशा या दोन गोष्टी टेपच्या फेऱ्यांनी जुळवायच्या असतात, जोराने नाही. चिडचिड होते मान्य आहे.

फिरवताना भिंतीजवळ वाकाच्या आसपास दोन्ही हातांनी धरा, रबरी हातमोजे घाला, त्याने पकड किती वाढते ते बघाच. पट्टा लावायचाच झाला तर तो पण भिंतीच्या जवळ. टोकाला धरून कधीच फिरवू नका. हातभर लांबीची तरफ झाली ती, काहीच जोर लागल्यासारखं वाटत नाही आणि आत सीपीव्हीसीच्या (प्लास्टिक पाईपच्या) फिटिंगमधला पितळी आट्याचा तुकडा फिरतो किंवा फिटिंगच तडकतं, मग टाईल फोडा. ओरखडा परवडला त्यापेक्षा.

आणि फ्लँज आधी आर्मवर चढवा. हसू नका, सगळं घट्ट झाल्यावर फ्लँज हातात राहिलेली माणसं खूप बघितलीत. फ्लँज आर्मवरून सरकवताना आतल्या रबराला साबणाचं पाणी लावा, कोरडी ओढली तर मॅट काळ्यावर गोल रेघ उठते आणि ती बरोब्बर डोळ्यासमोर येते.

टापटीप:
सगळे पान्याबद्दल बोलताहेत, मी जरा वेगळं सांगतो. ताई तुम्ही लिहिलंय ग्राउट अर्धं बाकी आहे. मग आत्ता काहीही बसवू नका. खोकी उघडू पण नका. फिनिशचं जास्त वाटोळं पान्याने नाही, नंतरच्या साफसफाईने होतं असं माझं ठाम मत आहे.

ग्राउट झाल्यावर टाईलवर जो पांढरा थर राहतो तो काढायला कामगार ॲसिड आणतात, हायड्रोक्लोरिकच असतं ते बहुतेक. आता गंमत बघा, प्लेटिंगच्या कारखान्यात जुना क्रोमचा मुलामा उतरवायला हेच ॲसिड वापरतात. म्हणजे तुम्ही नवा मुलामा लावून आणणार आणि बाथरूममध्ये तो उतरवायची सोय करणार. आणि थेंब उडायलाच पाहिजे असं नाही, बंद बाथरूममध्ये नुसत्या वाफेने पण क्रोम काळवंडतो, निकेलवर डाग येतात. त्यामुळे ग्राउट, ॲसिड असेल तर ते, भरपूर पाण्याने धुणं, दारं खिडक्या उघड्या ठेवून वाळवणं, हे सगळं आटोपल्यावर मगच फिटिंग आत आणायचं. ॲसिडच्या वेळी कुणी ब्लीच टाईप काही ओतणार नाही हे पण बघा, दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो.

डायव्हर्टरच्या भिंतीतल्या कन्सील्ड बॉडीवर जो प्लास्टिकचा डबा असतो संरक्षणाचा तो तोपर्यंत अजिबात काढू द्यायचा नाही. त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन रेघा असतात, टाईलचा पृष्ठभाग त्या दोन्हीच्या मधे आला पाहिजे, तो आत्ताच तपासून घ्या, कारण नसेल आला तर प्लेट नीट टेकणार नाही आणि मग ती ठोकून बसवायला बघतील.

काम करायच्या दिवशी खाली जाड टॉवेल किंवा पुठ्ठा, पाण्याच्या जाळीवर फडकं. ते फडकं महत्त्वाचं, हँडलचा बारीक बिनडोक्याचा ग्रब स्क्रू हातातून सुटला की तो थेट जाळीतच जातो, दुसरीकडे कुठे जाणारच नाही. हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं, हे कुणी सांगत नाही पण काळ्या प्लेटवरच्या बारीक रेघा बऱ्याचदा अंगठीच्या असतात. हत्यारं टॉवेलवर एका बाजूला आणि फिटिंग दुसऱ्या बाजूला, एकाच बादलीत दोन्ही टाकलं की झालं कल्याण.

ओळंबा:
टापटीप +१. ॲसिडचं अगदी खरं.

वॉल मिक्सरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मिक्सरच्या दोन तोंडांतलं अंतर सेंटर टू सेंटर १५० मिमी असतं. भिंतीतले दोन पॉईंट तंतोतंत तेवढ्यावर नसतात, म्हणून ते वाकडे लेग देतात खोक्यात, फिरवून अंतर जुळवायला. सगळं काम त्या लेगमध्ये आहे. दोन्ही लेग टेप लावून भिंतीत बसवायचे, लेगवरच आतून किंवा मागच्या बाजूला पकडायला जागा असते, तिथेच पकडायचं, पुढच्या आट्याला पाना नाही लावायचा. मग लेव्हल ट्यूब ठेवून दोन्ही एका रेषेत आहेत का बघायचं, आणि भिंतीपासून दोघांची बाहेर आलेली लांबी सारखी आहे का ते पण बघायचं, हे दुसरं लोक विसरतात. मिक्सर हाताने समोर धरला की दोन्ही नट आपोआप आट्यावर सरळ बसले पाहिजेत. ओढून ताणून बसवावं लागत असेल तर लेग परत जुळवा. कारण अंतर चुकलेलं असताना नट वाकडा धरतो, जड जातो, मग मोठा पाना येतो, मग नटाची कड खरवडते. जुळलेलं असेल तर नट बोटांनी शेवटपर्यंत जातो.

त्या नटाच्या आत चपटा वायसर असतो, सील तोच करतो, त्यामुळे तिथे टेप लावायचीच नाही. बोटांनी आवळा, मग फ्लँज टाईलला टेकली का बघा, मग स्पॅनरने एकदा डावा थोडा, एकदा उजवा थोडा, असं पाव पाव फेरा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की मिक्सर तिरका होतो. आणि साधा ८ इंची स्पॅनर त्या नटावर बसत नाही, तोंड तेवढं उघडतच नाही, १० किंवा १२ इंची लागतो. नट मोजून मग घ्या. नटावर स्पॅनर लावायच्या आधी पातळ रबर किंवा चामड्याचा तुकडा मधे, चामडं बेस्ट, जुना पट्टा कापा.

अजून एक, मिक्सर लावायच्या आधी दोन्ही लाईन सोडून बादलीभर पाणी जाऊ द्या. वाळू, टेपचे तुकडे, पाईप कापल्याचा चुरा, सगळं येतं त्यातून. नाही सोडलं तर कार्ट्रिजमध्ये (मिक्सरच्या आतला पाणी कमीजास्त करणारा भाग) अडकतं आणि मग बसवलेलं परत उघडा, म्हणजे ओरखड्याचा धोका डबल.

जुगाडू:
चामडं पण चांगलं. पण ट्यूब ती ट्यूबच.

अर्धवट_टाईल्स:
बापरे केवढी माहिती. ग्राउट होईपर्यंत खोकी कपाटात टाकलीत, उघडली नाहीत 🙏 मिक्सर मी स्वतः करून बघणार, आर्म आणि डायव्हर्टर मात्र प्लंबरकडूनच. पण आता त्याला कसं सांगू की दातेरी पाना आणू नको? चिडतात हो लोक. आणि प्लेटच्या कडेला सिलिकॉन लावायचं म्हणतोय तो, ते बरोबर का?

पाना_पक्कड:
चिडतात कारण बाथरूमच्या दारात उभं राहून "हळू हळू" म्हणतात लोक, हातात काही देत नाहीत. तुम्ही पट्ट्याचा पाना आणि रबर लावलेला स्पॅनर आधीच बाहेर काढून ठेवा, म्हणा "दादा हे वापरा, काळं फिनिश आहे". चांगला कारागीर असेल तर त्याला पण बरं वाटतं, कारण खुणा पडल्या तर बोलणी त्यालाच बसणार असतात. आणि कामाचा दर ठरवतानाच बोलून ठेवा, काम चालू झाल्यावर नाही.

वरचा गोल शॉवर आर्मला लावताना मात्र स्वतः उभ्या राहा. तिथे बॉल जॉइंट असतो आणि त्याच्या नटात वायसर असतो, हाताने घट्ट केला की पुरतो. तिथे टेप वायसर दोन्ही घालून वर पाना मारायची सवय असते काहींना. थेंब आलाच तर रबरातून स्पॅनरने पाव फेरा, बास.

टापटीप:
सिलिकॉन लावायचं, पण दोन गोष्टी. एक म्हणजे व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन नको, ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, पितळ तांब्याला खातं. न्यूट्रल लिहिलेलं मागा. दुसरं, प्लेटच्या वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा, खालची कड मोकळी ठेवा. कधी आत पाणी गेलंच किंवा आतून गळलं तर खालून बाहेर येऊन दिसलं पाहिजे, चारी बाजू बंद केल्या तर ते भिंतीतच मुरतं. प्लेटच्या मागे फोमचं गॅस्केट असेल तर काही कंपन्या सिलिकॉन लावूच नका म्हणतात, माहितीपत्रक वाचा.

लावताना टाईलवर आणि प्लेटवर मास्किंग टेप चिकटवा, इथे मास्किंग टेप कामाची, आणि सिलिकॉन ओलं असतानाच ती काढा. मॅट काळ्यावर टेप दिवसेंदिवस ठेवू नका, गोंद राहतो. आणि सुकलेलं सिलिकॉन ब्लेडने खरवडायचं नाही म्हणजे नाही, प्लास्टिकचं जुनं कार्ड घ्या.

ओळंबा:
हँडलचा ग्रब स्क्रू आवळताना ॲलन की पूर्ण आत गेली आहे ना बघा, अर्धवट गेली की सटकते आणि हँडलच्या खालच्या बाजूला रेघ मारते. बरोबर मापाचीच घ्या, २.५ आणि ३ मिमी यात गल्लत होते, २.५ ची ३ च्या भोकात फिरते आणि भोक गोल करून ठेवते.

अर्धवट_टाईल्स:
अपडेट. ग्राउट झालं, ॲसिड आणलंच होतं त्यांनी, मी नको म्हटलं, ग्राउट ओलं असतानाच स्पंजने पुसून घेतलं तर फारसं काही राहिलंच नाही. काळा सेट बसला, आर्म दोनदा काढून परत टेप लावावी लागली, पण कुठेही खूण नाही. प्लंबरने पट्ट्याचा पाना बघून विचारलं कुठून आणला 😄

एक मात्र झालंय, प्लेटच्या कोपऱ्याजवळ एक राखाडी रेघ दिसतेय. टाईलवाला ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन काहीतरी मोजत होता, ती घासली असणार. हा ओरखडा आहे का? रंग मिळतो का यावर लावायला?

पाना_पक्कड:
आधी नखाने बघा. रेघेवरून आडवं नख फिरवा, अडकलं तर चरा आहे, नाही अडकलं तर बहुतेक ॲल्युमिनियमच वर घासून बसलंय, फिनिशला काही झालेलं नाही. ओल्या मायक्रोफायबरवर भांड्याच्या साबणाचा थेंब घेऊन हलक्या हाताने चोळा. त्याने नाही गेलं तर पेन्सिल खोडायचं पांढरं मऊ रबर, हलकं हलकं, कारण मॅट भाग जास्त घासला की तिथेच चमकायला लागतो आणि मग ते ठिगळ रेघेपेक्षा वाईट दिसतं. हिरवी घासणी, पावडर, मेटल पॉलिश, काही नको. हिरव्या घासणीत अपघर्षक कण असतात, मॅटची वाट लागते.

खरंच चरा निघाला आणि पावडर कोटिंग असेल तर काळ्या मॅट टचअप पेनने बारीक ठिपका देता येतो. क्रोमला असं काही नसतं, तिथे सँडपेपर वगैरे मारायचा विचार पण नको, मुलामाच निघून जाईल. नुसत्या ब्रश केलेल्या स्टीलच्या, मुलामा नसलेल्या वस्तूवर मात्र रेघांच्या दिशेने घासून चरा लपवता येतो, ते एकच नशीबवान.

अर्धवट_टाईल्स:
गेली! नख अडकलं नाही, साबणानेच गेली. 

आता क्रोमचा मिक्सर. मी एकटीने बसवला, लेग जुळवायलाच सगळा वेळ गेला, पण ओळंबा दादा म्हणाले तसं, जुळल्यावर नट बोटांनी शेवटपर्यंत गेले. मिक्सर कोरडा ठणठणीत. पण हँडशॉवरच्या होजला दोन्हीकडून थेंब थेंब येतंय. हाताने जमेल तेवढं आवळलंय. इथे लावू का पाना?

ओळंबा:
नको. वायसर आहे का आत? दोन्ही टोकांना एकेक पाहिजे. पुष्कळदा खोक्यात बारीक पिशवीत वेगळे दिलेले असतात आणि पिशवी कचऱ्यात जाते.

जुगाडू:
टेप मारा थोडी.

ओळंबा:
जुगाडूभाऊ होजला टेप नाही हो. टेपमुळे आटा जाड होतो, नट पूर्ण चढत नाही, वायसर दबतच नाही, आणि गळती वाढते.

अर्धवट_टाईल्स:
पिशवी सापडली, खोक्याच्या तळाला. एक साधा काळा आणि एक जाळी असलेला. कुठला कुठे? आणि होजचं एक टोक निमुळतं आहे, एक गोल खरबरीत.

पाना_पक्कड:
जाळीवाला हँडशॉवरकडे, साधा मिक्सरकडे. निमुळता नट हँडशॉवरच्या मुठीला, कारण भिंतीवरच्या हुकमध्ये तोच बसतो, आणि खरबरीत गोल नट मिक्सरला, बोटांनी पकडता यावा म्हणूनच त्याला खाचा दिलेल्या असतात. होज लावताना पीळ पडू देऊ नका, पीळ राहिला की होज आपोआप नट ढिला करते आणि हँडशॉवर हुकात वाकडा लटकतो.